समुद्री सूक्ष्मशैवालासाठी एफ/२ माध्यम: पाणी, स्टॉक द्रावणे आणि मिसळण्याचा क्रम

पावसाळा लागला की कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांतून आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून एकच तक्रार येते: कीटोसिरॉस या सूक्ष्मशैवालाचे कल्चर चौथ्या दिवशी बसले (पेशी मरून तळाला गेल्या), नवे बीज (कल्चर सुरू करण्याचे शैवाल) आणले, तेही बसले. बहुतेक ठिकाणी दोष बीजाला दिला जातो. माझा अनुभव असा आहे की अशा दहांपैकी बहुतेक प्रकरणांत बीज ठीक असते आणि माध्यम, म्हणजे शैवाल वाढवण्याचे पोषक द्रावण, चुकलेले असते, आणि ती चूकही रसायनाच्या प्रमाणात क्वचितच असते. ती पाण्यात असते, न धुतलेल्या काचेत असते, बाटलीवरच्या चिठ्ठीत असते किंवा मिसळण्याच्या क्रमात असते. म्हणून या लेखात एफ/२ हे एकच माध्यम घेऊन ते पहिल्या पायरीपासून कसे तयार करावे, हे मांडले आहे. आपल्याकडच्या अनेक हॅचरींत (बीजोत्पादन केंद्रांत) वॉल्ने म्हणजेच कॉनवे माध्यम वापरतात. त्याची कृती वेगळी असली तरी पाणी, काच, वजन आणि निर्जंतुकीकरण यांविषयी येथे लिहिलेले सर्व त्यालाही लागू आहे.

नावातील ‘/२’चा अर्थ मूळ ‘एफ’ माध्यमाच्या निम्म्या तीव्रतेचे, इतकाच आहे. खाली दिलेली प्रमाणे अगोदरच निम्मी केलेली आहेत; ती पुन्हा निम्मी किंवा दुप्पट करू नयेत.

## १. समुद्राचे पाणी: केव्हा, कोठून आणि कशात आणावे

एक लिटर माध्यमात जवळजवळ एक लिटर समुद्राचेच पाणी असते आणि बाकी सर्व मिळून साडेतीन ते साडेचार मिलिलिटर होते. तरीही तयारीतला सर्वांत कमी वेळ पाण्याला दिला जातो, म्हणून या टप्प्यावर मी थोडे रेंगाळणार आहे.

कोकण किनाऱ्यावर खाडीचे मुख फारसे लांब कधीच नसते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे काजळी नदी समुद्राला मिळते. तेथे ओहोटीच्या वेळी भरलेला कॅन आणि भरतीच्या माथ्यावर भरलेला कॅन ही दोन वेगळी पाणी असतात, जरी दोन्ही एकाच दगडावर उभे राहून भरलेली असली तरी. पाणी भरती पूर्ण होण्याच्या आधीच्या तासाभरात घ्यावे. भांगाच्या दिवसांपेक्षा उधाणाच्या भरतीला बाहेरचे पाणी अधिक आत येते, पण उधाणाची लाट वाळू आणि गाळही ढवळते. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी, समुद्र थोडा निवळल्यावर गेल्यास दोन्ही गोष्टी साधतात. मच्छीमार बंदराच्या धक्क्यावरून पाणी घेऊ नये. डिझेलचा तवंग डोळ्यांना दिसला नाही तरी पाण्यात असतो आणि गाळण्याने तो जात नाही.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. जूनपासून नद्यांचे पाणी जांभ्याची तांबडी माती घेऊन किनाऱ्यावर येते, क्षारता खाली जाते आणि पाणी गढूळ राहते. खोल पाण्यातून कॅन भरून आणण्याचा मार्गही तेव्हा बंद असतो, कारण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. यावर खात्रीचा उपाय एकच आहे: एप्रिल-मे महिन्यांत, क्षारता ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास असताना, पावसाळाभर पुरेल इतके पाणी आणून, गाळून, अंधारात साठवावे. अंधारात किमान दोन आठवडे मुरलेल्या पाण्यातील जिवंत प्लवक मरतात, गाळ तळाला बसतो आणि असे पाणी ताज्या पाण्यापेक्षा अधिक भरवशाने वागते.

साठवणीचे कॅन खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचे आणि नवे असावेत. कोकणात रिकामा कॅन म्हटला की आंब्याच्या बागेतील फवारणीच्या औषधाचा कॅन सहज हाती येतो. तो कितीही वेळा धुतला तरी या कामाला चालत नाही. तांब्या-पितळेचे भांडे, पितळी तोटी किंवा पितळी सांधा पाण्याच्या वाटेवर कोठेही नसावा. तांबे अत्यल्प प्रमाणात शैवालाला आवश्यक असते, पण त्याहून थोडे जास्त झाले की तेच विष ठरते. एका प्रयोगशाळेत आम्ही दोन आठवडे बीज, दिवे आणि रसायने तपासत राहिलो; शेवटी ध्यानात आले की साठवणीच्या पिंपाला कोणीतरी गळकी प्लास्टिकची तोटी काढून पितळी तोटी बसवली होती.

तपासणी: रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजण्याचे उपकरण) प्रत्येक वेळी ऊर्ध्वपातित पाण्याच्या दोन थेंबांनी शून्यावर आणावा आणि मगच नमुना मोजावा. शून्य न साधता घेतलेले वाचन तीन-चार पीपीटीने सहज चुकते.

## २. क्षारता साधणे

कीटोसिरॉस, आयसोक्रायसिस आणि नॅनोक्लोरॉप्सिस या नेहमीच्या प्रजाती साधारण २५ ते ३० पीपीटी क्षारतेत चांगल्या वाढतात. ३५ पीपीटीचे पाणी २८ वर आणायचे असल्यास ८०० मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळावे. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्लोरीन असते. घरगुती आरओचे पाणी आणि गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारे पाणी स्टॉक द्रावणांसाठी (पोषकद्रव्यांच्या आधी करून ठेवलेल्या तीव्र द्रावणांसाठी) तर मुळीच घेऊ नये. त्यांत कोणते धातू किती आहेत हे कोणी मोजलेले नसते.

क्षारता वाढवायची असेल तेव्हा मीठ घालण्याचा मोह होतो आणि पावसाळ्यात ही चूक मी सर्वाधिक पाहिली आहे. मीठ म्हणजे जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड. ते घातल्याने रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा चढतो, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट होते तितकेच राहतात आणि पाण्याचा समतोल बिघडतो. पाकिटातील मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली द्रव्येही असतात. योग्य मार्ग म्हणजे मे महिन्यात साठवलेले पाणी मिसळणे. ३५ पीपीटीचे दोन भाग आणि २० पीपीटीचा एक भाग मिसळल्यास ३० पीपीटीचे पाणी मिळते.

क्षारता साधल्यानंतर पाणी गाळावे. प्रथम बारीक जाळीच्या बोल्टिंग कापडातून, नंतर ५ आणि १ मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून, आणि प्रयोगशाळेच्या लहान चंबूंसाठी शेवटी जीएफ/सी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळावे. हा क्रम उलटा केल्यास महागडा गाळणकागद अर्ध्या लिटरमध्ये तुंबतो.

## ३. काचसामान

साबणाचा अंश शैवालाला मारतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सौम्य साबणाने घासून नळाच्या पाण्याने भरपूर विसळलेले सामान १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवावे, नंतर नळाच्या पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळावे. नवी काचही थेट वापरू नये. तिलाही आम्लातून काढावे.

सावधगिरी: आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि हे काम खिडकीजवळ किंवा धूरकक्षात करावे.

काळ्या रबराची बुचे आणि रबरी नळ्या टाळाव्यात, कारण त्यांतून झिरपणारी द्रव्ये लहान कल्चरला पुरेशी घातक असतात. सिलिकॉन नळी आणि शोषक नसलेल्या कापसाची बुचे वापरावीत. शोषक कापूस वाफेत भिजतो, आणि जुलै महिन्यातील हवेत त्या ओल्या बुचावरून बुरशी दोन दिवसांत आत उतरते.

## ४. वजन करण्यापूर्वी बाटलीवरची चिठ्ठी वाचणे

कृतीत लिहिलेले रसायन आणि कपाटातील रसायन यांत स्फटिकजलाचा, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा, फरक असतो आणि तो दुर्लक्षिला जातो. एकाच नावाचे मीठ (येथे रासायनिक क्षार या अर्थाने) निर्जल, एकजलीय किंवा द्विजलीय अशा रूपांत मिळते आणि प्रत्येकाचे ग्रॅम वेगळे असतात. एफ/२ मध्ये (कृती भाग ५ मध्ये आहे) सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे ५ ग्रॅम एकजलीय रूपाचे आहेत, पण आपल्या बाजारात बहुधा द्विजलीय रूप मिळते. ते असल्यास ५.६५ ग्रॅम आणि निर्जल असल्यास ४.३५ ग्रॅम घ्यावे. सोडियम मेटासिलिकेटचे ३० ग्रॅम नवजलीय रूपाचे आहेत. पंचजलीय असल्यास २२.४ ग्रॅम पुरतात. फेरिक क्लोराइड षटजलीयऐवजी निर्जल असल्यास ३.१५ ग्रॅमऐवजी १.८९ ग्रॅम घ्यावे. हिशेब सरळ आहे: कृतीतील वजनाला आपल्या बाटलीवरील रेणुभाराने गुणावे आणि कृतीतील रूपाच्या रेणुभाराने भागावे.

नावांतील सारखेपणा याहून धोकादायक आहे. सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट यांत चिठ्ठीवर एका अक्षराचा फरक दिसतो, पण नायट्राइट नायट्रेटच्या जागी चालत नाही. सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ही दोन वेगळी मिठे आहेत. ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारे संयुग) हे डायसोडियम मीठच असावे, कारण ईडीटीए आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातील द्रवरूप सोडियम सिलिकेट मेटासिलिकेटच्या जागी ग्रॅमला ग्रॅम धरून वापरता येत नाही.

कोकणातील दमटपणामुळे आणखी एक अडचण उभी राहते. फेरिक क्लोराइड, मँगनीज क्लोराइड आणि सोडियम नायट्रेट हवेतील पाणी ओढतात. फेरिक क्लोराइडच्या बाटलीत तपकिरी चिखल झाला असेल तर त्याचे वजन निरर्थक आहे. ती बाटली बाजूला काढावी. सोडियम नायट्रेटच्या गुठळ्या झाल्यास ते १०५ अंश सेल्सिअसला दोन तास वाळवून, ओलावा शोषणाऱ्या बंद शोषकपात्रात थंड करून तोलता येते, कारण त्यात स्फटिकजल नसते. हाच उपाय इतर मिठांना करू नये. स्फटिकजल असलेले मीठ ओव्हनमध्ये ठेवल्यास त्यातील पाणी उडते आणि चिठ्ठीवरचा रेणुभार त्याला लागू राहत नाही. म्हणून वर्षभराची स्टॉक द्रावणे शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या दिवसांत तोलावीत.

## ५. स्टॉक द्रावणे

पुढील सर्व द्रावणे ऊर्ध्वपातित पाण्यात करावीत. पाणी आधी ठरलेल्या घनफळाच्या नव्वद टक्के घ्यावे, त्यात मीठ पूर्ण विरघळवावे आणि मग खुणेपर्यंत पाणी घालावे. एक लिटर पाणी मोजून त्यात मीठ टाकल्यास घनफळ एक लिटरपेक्षा जास्त होते आणि द्रावण पातळ राहते.

पहिले, नायट्रेट: सोडियम नायट्रेट ७५ ग्रॅम प्रति लिटर.

दुसरे, फॉस्फेट: सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, एकजलीय, ५ ग्रॅम प्रति लिटर.

तिसरे, सिलिकेट: सोडियम मेटासिलिकेट, नवजलीय, ३० ग्रॅम प्रति लिटर. हे सावकाश विरघळते. घाईने तापवू नये, ढवळत राहावे. द्रावण तीव्र अल्कधर्मी असल्याने ते काचेत न ठेवता पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवावे. बाटली हलवल्यावर जेलीसारखे धागे किंवा धुरकटपणा दिसल्यास ते टाकून द्यावे.

चौथे, सूक्ष्म धातू. हे दोन पायऱ्यांत होते. प्रथम पाच लहान बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटरचे प्राथमिक द्रावण करावे: कॉपर सल्फेट पंचजलीय ०.९८ ग्रॅम, झिंक सल्फेट सप्तजलीय २.२ ग्रॅम, कोबाल्ट क्लोराइड षटजलीय १.० ग्रॅम, मँगनीज क्लोराइड चतुर्जलीय १८.० ग्रॅम आणि सोडियम मॉलिब्डेट द्विजलीय ०.६३ ग्रॅम. त्यानंतर मोठ्या चंबूत ९५० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात डायसोडियम ईडीटीए द्विजलीय ४.३६ ग्रॅम पूर्ण विरघळवावे. ते पूर्ण विरघळल्याची खात्री झाल्यावरच फेरिक क्लोराइड षटजलीय ३.१५ ग्रॅम घालावे. शेवटी पाचही प्राथमिक द्रावणांचे प्रत्येकी १ मिलिलिटर घालून एक लिटर करावे.

येथील क्रम महत्त्वाचा आहे. या प्रमाणांत लोहाचे आणि ईडीटीएचे रेणू जवळजवळ एकास एक आहेत. ईडीटीए लोहाला धरून ठेवते म्हणूनच ते समुद्राच्या अल्कधर्मी पाण्यात विरघळलेले राहते आणि शैवालाला मिळते. ईडीटीएचे कण तळाशी पडून असताना लोह घातले, तर लोहाचा काही भाग बंधमुक्त राहतो आणि पुढे माध्यमात गंजासारखा खाली बसतो.

तपासणी: तयार धातुद्रावण पिवळे आणि पारदर्शक असावे. तळाशी तपकिरी साका दिसल्यास ते गाळून वापरू नये, कारण साक्याबरोबर लोहच निघून जाते. द्रावण नव्याने करावे.

पाचवे, जीवनसत्त्वे. थायमिन हायड्रोक्लोराइड २०० मिलिग्रॅम, बायोटिन १ मिलिग्रॅम आणि सायनोकोबालामिन १ मिलिग्रॅम, एकूण एक लिटर पाण्यात. एक मिलिग्रॅम कोणत्याही साध्या तराजूवर तोलता येत नाही, म्हणून येथेही प्राथमिक द्रावणे लागतात. सायनोकोबालामिन १०० मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये विरघळवून त्यातील १ मिलिलिटर घ्यावे. बायोटिनसाठी हेच प्रमाण अनेक कृतींत छापलेले असते आणि लोक गोंधळतात, कारण बायोटिन थंड पाण्यात इतके विरघळतच नाही. न विरघळलेले कण बाटलीच्या तळाशी राहतात आणि पिपेटमध्ये निव्वळ वरचे पाणी येते. त्याऐवजी १० मिलिग्रॅम बायोटिन १०० मिलिलिटरमध्ये विरघळवावे आणि त्यातील १० मिलिलिटर घ्यावे. हिशेब तोच राहतो. तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा नसल्यास जवळच्या महाविद्यालयातून हे एक वजन करून आणावे.

जीवनसत्त्वांचे द्रावण ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक, करू नये. ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज-गाळणीतून निर्जंतुक करून, १० मिलिलिटरच्या लहान कुप्यांत भरून गोठवावे. एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नये. सायनोकोबालामिन प्रकाशाने बिघडते, म्हणून कुप्यांना फॉइल गुंडाळावे.

बाकीची द्रावणे ४ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये राहतात. पावसाळ्यात वीज तासन्तास जाते आणि कोमट झालेल्या फॉस्फेटच्या बाटलीत बुरशीचे कापसासारखे तंतू दिसू लागतात. प्रत्येक वापरापूर्वी बाटली प्रकाशासमोर धरून पाहावी. तंतू दिसल्यास ते गाळून काढण्याचा प्रयत्न करू नये.

## ६. निर्जंतुकीकरण: आधी पाणी, नंतर पोषकद्रव्ये

सर्व पोषकद्रव्ये पाण्यात घालून एकदमच ऑटोक्लेव्ह केल्यास काम लवकर होते, पण माध्यम पांढरे पडते. तापल्यावर समुद्राच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पीएच ८ च्या आसपासचा ९ च्याही वर जाऊ शकतो, आणि त्या पीएचला फॉस्फेट कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर खाली बसते. चंबूच्या तळाशी दिसणारी पांढरी पूड म्हणजे आपणच घातलेले खत असते, जे आता शैवालाच्या हाती लागत नाही. सिलिकेट असल्यास हा त्रास आणखी वाढतो.

म्हणून समुद्राचे गाळलेले पाणी एकटेच, चंबूच्या निम्म्यापेक्षा थोडे अधिक भरून, १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पीएसआय दाबाला २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे. पाण्याच्या पातळीवर आधीच पेनने खूण करावी. नायट्रेट, फॉस्फेट आणि धातुद्रावण लहान बाटल्यांत वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करावे. सिलिकेट ०.२२ मायक्रॉनमधून गाळावे किंवा पॉलिप्रॉपिलीनच्याच बाटलीत ऑटोक्लेव्ह करावे.

ऑटोक्लेव्ह नसल्यास घरगुती प्रेशर कुकरमध्ये २५० मिलिलिटरचे चंबू निर्जंतुक करता येतात. वाफ जोमाने येऊ लागल्यावर शिट्टी बसवावी, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून ३० मिनिटे ठेवावे आणि दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून दाब सोडल्यास चंबूतील पाणी उसळून कापसाचे बूच भिजते.

पाणी किमान २४ तास, बूच लावलेल्या स्थितीत, थंड होऊ द्यावे. या काळात हवेतील कार्बन डायऑक्साइड पुन्हा विरघळतो आणि पीएच खाली येतो. पाण्याची पातळी खुणेखाली गेली असल्यास निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याने भरून काढावी. समुद्राच्या पाण्याने भरल्यास क्षारता वाढते, कारण उडून गेले ते नुसते पाणी होते. मीठ चंबूतच आहे.

तपासणी: थोडे पाणी वेगळे काढून पीएच मोजावा. तो ८.३ च्या वर असेल तर आणखी एक दिवस थांबावे. पीएचमीटरची दांडी मुख्य चंबूत बुडवू नये.

मोठ्या टाक्यांसाठी ऑटोक्लेव्ह शक्य नसते. तेथे गाळलेल्या पाण्यात ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट प्रति लिटर ०.२५ मिलिलिटर घालावे, म्हणजे क्लोरीन सुमारे १० मिलिग्रॅम प्रति लिटर होते. पाणी रात्रभर झाकून ठेवावे, नंतर जोरदार हवा सोडावी आणि उरलेले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने थोडे थोडे घालत नाहीसे करावे. बाटलीवरची टक्केवारी ताज्या मालाची असते. उन्हात राहिलेला हायपोक्लोराइट अशक्त होतो. क्लोरीन गेल्याची खात्री वासावर सोडू नये. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या क्लोरीन-चाचणीचे थेंब घालून रंग येत नाही हे पाहूनच पोषकद्रव्ये घालावीत.

## ७. मिसळण्याचा क्रम

थंड झालेल्या, पीएच उतरलेल्या प्रत्येक लिटर पाण्यात, ज्योतीजवळ किंवा गाळलेल्या हवेच्या लॅमिनार कक्षात, पुढील क्रमाने घालावे:

१. नायट्रेट १ मिलिलिटर
२. फॉस्फेट १ मिलिलिटर
३. सिलिकेट १ मिलिलिटर, केवळ डायटमसाठी (सिलिकाचे कवच असलेल्या शैवालासाठी)
४. सूक्ष्म धातू १ मिलिलिटर
५. जीवनसत्त्वे ०.५ मिलिलिटर

प्रत्येक द्रावण घातल्यावर चंबू गोल फिरवून ते पूर्ण पसरू द्यावे आणि मगच पुढचे घालावे. सिलिकेट थेंबथेंब घालावे, कारण तीव्र अल्कधर्मी थेंब जेथे पडतो तेथे क्षणभर पीएच खूप वाढतो आणि धुरकट ढग दिसतो. वेळ वाचवण्यासाठी पाचही द्रावणे आधी एका बाटलीत एकत्र करून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली आहे. ती पूर्णपणे चुकीची आहे: तीव्र स्वरूपात एकमेकांना भेटल्यावर फॉस्फेट, सिलिकेट आणि धातू त्या बाटलीतच खाली बसतात.

आयसोक्रायसिस, नॅनोक्लोरॉप्सिस आणि टेट्रासेल्मिस यांना सिलिकेट लागत नाही. त्यांच्या माध्यमातून ते वगळावे. कीटोसिरॉस, स्केलेटोनेमा आणि थॅलॅसिओसिरा यांची कवचे सिलिकाची असतात, त्यामुळे सिलिकेट विसरल्यास पेशींची विभागणी थांबते, जरी नायट्रेट भरपूर असले तरी.

प्रत्येक द्रावणासाठी वेगळी निर्जंतुक पिपेट वापरावी आणि पिपेटमध्ये उरलेले द्रावण बाटलीत परत टाकू नये. २५० मिलिलिटर माध्यमाला प्रत्येक द्रावणाचे ०.२५ मिलिलिटर आणि जीवनसत्त्वांचे त्याच्या निम्मे लागते. मायक्रोपिपेट नसल्यास औषधाच्या दुकानातील १ मिलिलिटरची निर्जंतुक सिरिंज हे माप नीट देते. खुणा नसलेल्या ड्रॉपरने ‘पाच थेंब’ मोजू नयेत.

सावधगिरी: कल्चर अधिक दाट यावे म्हणून पोषकद्रव्ये दुप्पट करू नयेत. लहान चंबूत वाढीला प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड आधी अपुरे पडतात. जादा धातूंनी वाढ उलट मंदावते.

## ८. बीज टाकण्यापूर्वीच्या दोन परीक्षा

तयार माध्यमाचा एक चंबू बीज न टाकता प्रकाशात चार-पाच दिवस ठेवावा. तो स्वच्छ राहिला पाहिजे. दोन दिवसांत दुधाळ झाला तर जिवाणू आत गेले आहेत; हिरवट किंवा तपकिरी छटा आली तर निर्जंतुकीकरण अपुरे होते आणि पाण्यातले मूळचे शैवालच वाढते आहे. अशी संपूर्ण खेप बाजूला ठेवावी, मग त्या दिवशी हॅचरीतील पिल्लांना खाद्य कितीही तातडीने हवे असो. दूषित माध्यमातून वाढवलेले कल्चर पुढे टाकीत जाते आणि नुकसान लिटरांतून टनांत पोहोचते.

दुसरी परीक्षा तुलनेची आहे. जोमात वाढणाऱ्या कल्चरचे २० मिलिलिटर २०० मिलिलिटर नव्या माध्यमात आणि तितकेच २०० मिलिलिटर मागील, चांगल्या ठरलेल्या खेपेच्या माध्यमात टाकावे. दोन्ही चंबू एकाच ट्यूबलाइटखाली, एकाच तापमानाला ठेवावेत आणि दिवसातून दोनदा हलवावेत. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस असावे; मे महिन्यात वातानुकूलनाशिवाय ही परीक्षा फसवी ठरते, कारण उष्णतेने बसलेल्या कल्चरचे खापर माध्यमावर फुटते. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी हीमोसायटोमीटर या मोजणीच्या काचपट्टीने पेशी मोजाव्यात. यासाठी प्रत्येक खेपेतील एक लिटर माध्यम पुढील तुलनेसाठी अंधारात, थंड जागी राखून ठेवावे लागते. वेगवेगळ्या ठिकाणची कल्चरे पाहिल्यावर मला असे वाटते की ही एक सवय लागली तर निम्मे वाद मिटतील.

## ९. बिघाडाची लक्षणे ओळखणे

थंड झाल्यावर लगेच पांढरी पूड दिसल्यास पीएच उतरण्याआधी फॉस्फेट घातले गेले आहे. तपकिरी कण दिसल्यास धातुद्रावणातील ईडीटीए कमी पडले किंवा लोह आधी गेले. जेलीसारखे धागे सिलिकेटचे असतात. माध्यम स्वच्छ असूनही दुसऱ्याच दिवशी सर्व पेशी तळाशी जाऊन पांढुरक्या झाल्या तर साबण, क्लोरीन किंवा तांबे यांचा शोध घ्यावा. पोषकद्रव्यांच्या कमतरतेने इतक्या लवकर मरण येत नाही. पहिले तीन दिवस चांगली वाढ होऊन नंतर डायटमची ती अचानक थांबली तर सिलिकेट पाहावे. रंग हळूहळू फिका, पिवळट होत गेला तर नायट्रेट संपले आहे किंवा कल्चर जुने झाले आहे. जीवनसत्त्वे बिघडल्याचे लक्षण सर्वांत उशिरा दिसते: पहिल्या उपकल्चरमध्ये (जुन्या कल्चरचा अंश नव्या माध्यमात टाकून केलेल्या) जुन्या माध्यमासोबत आलेला साठा पुरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या उपकल्चरपासून वाढ मंदावते. म्हणून अशा वेळी आज बनवलेल्या माध्यमाऐवजी महिन्याभरापूर्वी उघडलेल्या कुपीकडे पाहावे.

## १०. नोंदवही आणि चिठ्ठ्या

प्रत्येक बाटलीवर द्रावणाचे नाव, तीव्रता, मिठाचे स्फटिकजल-रूप, तारीख आणि करणाऱ्याची सही असावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप लावावी, कारण आपल्या हवेत शाई महिन्याभरात पसरते. नोंदवहीत प्रत्येक खेपेसाठी पाणी कोठून आणि कोणत्या भरतीला घेतले, क्षारता, ऑटोक्लेव्हनंतरचा पीएच, वापरलेल्या प्रत्येक स्टॉक बाटलीची तारीख आणि दोन्ही परीक्षांचा निकाल लिहावा. एकाच आठवड्यात दोन खेपा बसल्या तर नोंदवहीत प्रथम त्या दोन्हींत समान असलेली बाटली शोधावी, आणि तिचे नवे द्रावण करून त्याच बीजावर तुलनेची परीक्षा पुन्हा घ्यावी.